टाळ्या, ट्रॉफ्या आणि अदाकारी

दरवर्षी पुरस्कारांचा मोसम येतो आणि जातो. तिकडे अमेरिकेत जानेवारीच्या गोल्डन ग्लोबपासून मार्चच्या आसपास होणाऱ्या ऑस्करपर्यंत सोहळ्यांची रांग लागते. इकडे फिल्मफेअर असते, वाहिन्यांचे आपापले सोहळे असतात आणि मग केव्हातरी दिल्लीहून राष्ट्रीय पुरस्कारांची यादी जाहीर होते. चहाच्या टपरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत चार दिवस तीच चर्चा चालते. कोणाला मिळाला, कोणाचा हुकला, कोणाला मुद्दाम डावलले, हे सर्वांना तोंडपाठ असते. मात्र ज्याला मिळाला त्याने पडद्यावर नेमके काय केले, हे विचारले तर बहुतेकांची गाडी 'जबरदस्त काम केलंय' या एका वाक्यापुढे सरकत नाही.

प्रेक्षकांचे एक वेळ ठीक आहे. त्यांनी तिकिटाचे पैसे मोजले आहेत, आवडनिवड सांगण्याचा हक्क त्यांना आहे. पण आपल्या मोहल्ल्यांतून, आपल्या उर्दू-मराठी शाळांतून आज जी मुले-मुली नट होण्याचे स्वप्न पाहत आहेत, त्यांनाही पुरस्कार हीच अभिनयाची फूटपट्टी वाटू लागली आहे. त्या फूटपट्टीने नेमके काय मोजले जाते आणि काय सुटून जाते, हे एकदा तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पुरस्काराला नटाचे बोलणे लवकर ऐकू येते, त्याचे ऐकणे फार उशिरा दिसते. आणि अभिनयाचा अर्ध्याहून अधिक भाग ऐकण्यात असतो.

सुरुवातीपासूनच सुरुवात करू. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला. पुरस्कार अवघे पाच होते आणि ते वाचकांच्या मतांवरून ठरले होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'दो बीघा जमीन', सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक त्याच चित्रपटाचे बिमल रॉय. सर्वोत्कृष्ट अभिनेता मात्र 'दाग'मधील दिलीपकुमार. दिलीपकुमार यांच्या थोरवीबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण जो चित्रपट वर्षातला सर्वोत्तम ठरला, तो ज्या माणसाच्या पाठीवर उभा होता, त्या बलराज साहनींना त्या रात्री काही मिळाले नाही. पुढेही अभिनयाचे फिल्मफेअर त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार तर १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. तेही साहनींपर्यंत पोहोचले नाहीत.

'दो बीघा जमीन'मधला शंभू महतो आज पुन्हा पाहावा. कर्ज फेडून आपली दोन बिघे जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला आलेला हा शेतकरी तिथे हातरिक्षा ओढतो. या भूमिकेसाठी साहनींनी कलकत्त्याच्या रिक्षावाल्यांत जाऊन रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. तिथे त्यांना बिहारचा एक रिक्षावाला भेटला. त्याचीही जमीन अशीच गहाण पडलेली होती. ही हकिगत त्यांनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेवली आहे. लाहोरला इंग्रजी साहित्य शिकलेला, १९३८ च्या सुमारास आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिलेला, नंतर लंडनला बीबीसीवर काम केलेला हा माणूस. पण पडद्यावर त्याच्या खांद्यात, चालण्यात, दम लागण्यात त्या शिक्षणाची खूणही सापडत नाही. गिऱ्हाईक जास्त पैशांचे आमिष दाखवून आणखी पळ, आणखी पळ म्हणते आणि शंभू जनावरासारखा धावत सुटतो, त्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीच. तिथे साहनी ऐकतात आणि धावतात. पैशाचा आकडा कानावर पडला की पाय आपोआप वेग घेतात. माणसाची गरज पायांतून दाखवणे हे मतपत्रिकेवर कुठल्या रकान्यात लिहायचे?

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. दिवसा मोबाईलच्या दुकानात काम करतो, संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेत तालमी करतो. त्याला सिनेमात जायचे आहे. पुरस्कार मिळालेल्या कामांचे तुकडे तो मोबाईलवर काढून पाठ करतो : अमक्याचे कोर्टातले भाषण, तमक्याचे आईच्या मयतीवरचे रडणे. एकदा त्याने हे सगळे आमच्यासमोर करून दाखवले. गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांत पाणी, आवाज शाळेच्या फाटकापर्यंत. मेहनत पुष्कळ होती. पण प्रत्येक तुकड्यात तो एकटाच होता. समोर कोणी उभे आहे, त्याने काही म्हटले आहे आणि त्याचा हा जबाब आहे, असे कुठेच वाटत नव्हते.

आम्ही त्याला 'गर्म हवा' पाहायला सांगितले. पाहून आला तो वैतागलेलाच. आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "सर, ये तो कुछ करताइच नई!" आम्ही म्हटले, आता आवाज बंद करून पुन्हा पाहा आणि सलीम मिर्झाचे फक्त हात पाहा. आठवड्याने आला तेव्हा म्हणाला, "सर, तो छडी कशी धरतो ते प्रत्येक वेळी वेगळं आहे. माणसं जशी सोडून जातात तशी पकड बदलत जाते." हे त्याचे निरीक्षण कोणत्याही परीक्षकाच्या निवेदनापेक्षा आम्हाला मोलाचे वाटले. नट होऊ पाहणाऱ्याच्या डोक्यात असे विचार येऊ लागले की त्याचे शिक्षण सुरू झाले म्हणायचे.

एम. एस. सथ्यू यांच्या या चित्रपटाबद्दल आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इस्मत चुगताई यांची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांची पटकथा. फाळणीनंतरच्या आग्र्यातला जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा, ज्याचे एकेक आप्त पाकिस्तानला जात आहेत आणि जो जाऊ इच्छित नाही. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरने कथा, पटकथा आणि संवाद यांचा गौरव केला. म्हणजे लिहिणाऱ्यांचे कौतुक झाले, विषयाचे कौतुक झाले. ज्याच्या चेहऱ्यावर हे सगळे लिहिले गेले तो नट राहून गेला. डबिंग संपल्यावर लगेच, १३ एप्रिल १९७३ रोजी, साहनींचे निधन झाले. १९७४ साली चित्रपट झळकला तेव्हा ते या जगात नव्हते.

न्यायाने बोलायचे तर १९७३ सालच्या अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार 'निर्माल्यम्' या मल्याळम चित्रपटातील पी. जे. अँटनी यांना मिळाला, आणि तेही काम थोरच आहे. देवावरची श्रद्धा आणि घरातली भूक यांच्यात चिरडलेला तो देवीचा भगत आणि आग्र्याचा हा कारखानदार यांत श्रेष्ठ कोण, हे ठरवायचे कसे? पुरस्काराची पहिली अडचण इथेच आहे. ज्यांची तुलना होऊ शकत नाही त्यांची तुलना त्याला करावीच लागते.

पण साहनींचे काम नजरेतून सुटण्याचे कारण याहून खोल आहे, असे आम्हाला वाटते. सलीम मिर्झाच्या वाट्याला काय काय येत नाही! बँक कर्ज देत नाही. वडिलोपार्जित हवेली हातची जाते. भाड्याचे घर शोधताना नाव सांगितले की दार बंद होते. हेरगिरीचा आळ येतो. तरुण मुलगी जीव देते. एखाद्या भडक नटाला यात पाच-सहा टाळ्यांच्या जागा सहज सापडल्या असत्या. साहनी एकही घेत नाहीत. नकार आला की ते क्षणभर थांबतात, जणू समोरच्याला शब्द मागे घ्यायची मुभा देतात, आणि मग सौजन्याने निघतात. मुलीच्या मृतदेहापाशी ते आक्रोश करत नाहीत. नुसते पाहतात. साहनींची स्वतःची मुलगी शबनम १९७२ साली वारली होती, हे ठाऊक असलेल्याला त्या पाहण्याकडे पाहवत नाही. ठाऊक नसलेल्यालाही पाहवत नाही, आणि ती नटाची कमाई आहे.

त्याच घरातली म्हातारी आई पाहा. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ती कोठडीत लपून बसते. ही भूमिका करणाऱ्या बदर बेगम आग्र्याच्याच, नावाजलेल्या अभिनेत्री नव्हेत. आवाज त्यांना दीना पाठक यांनी दिला. आता या कामाचा पुरस्कार कोणाला द्याल? चेहऱ्याला की आवाजाला? सोहळ्याच्या नियमांत अशा म्हातारीसाठी खुर्चीच नाही. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरातल्या दादी-नानीने कधीतरी घर सोडताना उंबरठा धरून ठेवला असेल, त्यांच्या लेखी त्या वर्षातले सर्वांत खरे काम तेच होते.

याचा अर्थ पुरस्कार आंधळेच असतात असा नव्हे. तसे म्हणणे सोपे आहे आणि खोटेही. दिलीपकुमारना आठवे फिल्मफेअर मिळाले ते 'शक्ती'साठी (१९८२). त्यात आईच्या मृत्यूनंतर अटकेतला मुलगा बापाजवळ येऊन बसतो, दोघे एक शब्द बोलत नाहीत. त्या अबोल्यातच सारा चित्रपट सामावला आहे. सुरेखा सीकरींना तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले : 'तमस' (१९८८), 'मम्मो' (१९९४) आणि 'बधाई हो' (२०१८). 'तमस'मध्ये घरची पुरुषमाणसे लुटालुटीला गेलेली असताना एका शीख जोडप्याला आसरा देणारी राजो त्यांनी केली. त्या जोडप्यातला म्हातारा झाले होते खुद्द कादंबरीकार भीष्म साहनी, म्हणजे बलराज यांचे धाकटे बंधू. 'मम्मो'मध्ये फरीदा जलाल अखंड बोलत राहतात आणि सुरेखाबाई ऐकत राहतात. बहिणीवरची चीड, माया, तिला परत पाठवले जाईल ही धास्ती, सगळे ऐकता ऐकता चेहऱ्यावरून सरकते. परीक्षकांनी ते ओळखले, त्यांना सलाम. राजकुमार राव यांनी 'शाहिद'मध्ये (२०१३) रंगवलेले ॲडव्होकेट शाहिद आझमी हेही असेच बिनगोंगाटाचे काम. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दूरदेशीचे एक उदाहरण तर आम्ही वर्गातही सांगतो. २०१७ साली महेर्शाला अली यांना 'मूनलाइट'मधील सहायक भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. अभिनयाचे ऑस्कर मिळवणारे पहिले मुस्लिम नट म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. चित्रपटाच्या पहिल्या भागातच ते दिसतात. हुआन हा अमली पदार्थांच्या धंद्यातला माणूस एका घाबरलेल्या पोराला पोटच्यासारखे जवळ करतो. एकदा टेबलाशी बसून ते पोर त्याला विचारते : तू तो माल विकतोस ना? आणि माझी आई तो घेते ना? हुआन जेमतेम हो म्हणतो. पोर उठून निघून जाते. त्यानंतर अली यांची मान खाली जाते, बस्स. एवढ्यात एका माणसाचा पूर्ण हिशेब मांडला जातो. पुरस्कार घेताना त्यांनी आधी आपल्या शिक्षकांचे आभार मानले आणि हे सारे तुझ्याबद्दल नाही, पात्रांबद्दल आहे, या त्यांच्या शिकवणीची आठवण काढली. शिक्षक म्हणून आम्हाला याचा आनंद झाला हे खरे. पण अधिक महत्त्वाचे हे की या भूमिकेचा त्यांच्या धर्माशी काही संबंध नव्हता. एका मुस्लिम नटाला नुसता माणूस रंगवायला मिळाला आणि त्याने तो रंगवला.

आपल्याकडे हे किती वेळा घडते? वर सांगितलेला आमचा विद्यार्थी एका ऑडिशनला गेला. मुसलमान खाटकाची छोटी भूमिका होती. त्याने दोन वाक्ये आपल्या नेहमीच्या बोलीत म्हटली, ज्यात उर्दू, दखनी आणि मराठी एकमेकांत मिसळलेली असते. समोरून सूचना आली, "जरा मुसलमानासारखं बोल." त्याने विचारले, म्हणजे कसे? उत्तर मिळाले, "जनाब वगैरे घाल, डोळ्यांत सुरमा आहे असं समज." भूमिका दुसऱ्याला गेली. मुसलमान आई-बापाच्या पोटी जन्मलेला मुलगा मुसलमानाच्या भूमिकेला कमी पडला! हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या रात्री तो हसला नाही.

या ठिकाणी पुन्हा बलराज साहनी कामाला येतात. रावळपिंडीचा हा पंजाबी हिंदू शेरवानी घालतो, टोपी घालतो, पण सलीम मिर्झा त्या कपड्यांवर उभा करत नाही. तो उभा आहे धंद्याच्या काळजीवर : माल वेळेवर जाईल का, कर्ज मिळेल का, कारागीर टिकतील का. हीच काळजी मालेगावच्या पावरलूमवाल्याच्या आणि भिवंडीच्या कारखानदाराच्या चेहऱ्यावर आपण रोज पाहतो. उर्दू शिकवणारे म्हणून तलफ्फुजचे महत्त्व आम्ही जाणतो. नटाचा शीन-काफ दुरुस्त असलाच पाहिजे, त्यात सवलत नाही. पण लहेजा हा माणसाच्या पोटातून येतो, बाजारातून आणून चिकटवता येत नाही.

आता पुरस्कार उशिरा कसे पोहोचतात ते पाहू. इरफान खान यांना फिल्मफेअरने 'हासिल'साठी खलनायकाचे आणि 'पान सिंग तोमर'साठी समीक्षकांचे पारितोषिक दिले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे मुख्य पारितोषिक मिळाले ते 'हिंदी मीडियम' आणि 'अंग्रेजी मीडियम' या दोन हलक्याफुलक्या चित्रपटांसाठी, त्यातले दुसरे २०२१ साली, त्यांच्या निधनानंतर. 'द लंचबॉक्स'मध्ये (२०१३) लोकलमध्ये भाजी चिरणारा, भरभर बोलणारा शेख करणाऱ्या नवाजुद्दीन सिद्दीकींना फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, आणि ते रास्तच होते. पण समोर बसून चिठ्ठ्या वाचणारा, शेखची बडबड आधी टाळणारा आणि मग तिची वाट पाहू लागणारा साजन फर्नांडिस इरफाननी केला नसता, तर शेखची बडबड कोणावर आदळली असती? राष्ट्रीय पुरस्काराने इरफानना वेळेवर ओळखले. २०१२ च्या चित्रपटांसाठी 'पान सिंग तोमर'चे इरफान आणि मराठी 'अनुमती'चे विक्रम गोखले यांना तो विभागून मिळाला. कोमात गेलेल्या पत्नीसाठी झगडणारा गोखल्यांचा निवृत्त शिक्षक आणि इरफानचा बंडखोर धावपटू, दोघेही मोजूनमापून बोलणारे. मराठी मुस्लिम प्रेक्षकाला तो विभागलेला पुरस्कार घरातल्या दोन भावांना मिळाल्यासारखा वाटावा.

शाहरुख खान यांना अभिनयाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार २०२५ साली जाहीर झाला, 'जवान'साठी (२०२३), '१२वी फेल'च्या विक्रांत मॅसींबरोबर विभागून. १९९२ च्या 'दीवाना'पासून मोजले तर तेहतीस वर्षे. आम्हाला त्यांचा आनंद आहे. तरीही शिकू पाहणाऱ्याने 'स्वदेस' (२००४) उघडावा, ज्याचे गाव आपल्या वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झाले. लहान स्टेशनवर पंचवीस पैशांना पाणी विकणारे पोर खिडकीपाशी येते. बाटलीबंद पाणी पिणारा मोहन ते पाणी घेऊन पितो. संवाद नाही, हावभावही मोजके. 'चक दे! इंडिया'तला (२००७) कबीर खान, गद्दारीचा शिक्का घेऊन आईसह मोहल्ला सोडतो तेव्हा एक शब्द खुलाशाचा बोलत नाही. या दोन्ही कामांना फिल्मफेअर मिळाले, राष्ट्रीय पुरस्काराने मात्र दोन्ही वेळा दुसरीकडे पाहिले. मग वीस वर्षांनी, मारधाडीच्या दुहेरी भूमिकेवर, जुनी उधारी चुकती झाली. पुरस्कार पुष्कळदा अशी उधारी फेडत असतो. पावतीवर नाव एका चित्रपटाचे असते, रक्कम दुसऱ्याची असते. नवख्या मुलाने पावती वाचून शिकायला घेतले तर तो चुकीचा चित्रपट पाठ करील, ही आमची खरी धास्ती आहे.

म्हणून आमच्या तरुण दोस्तांना सांगणे एवढेच. पुरस्कारांचा सोहळा जरूर पाहा, ईदच्या बाजारासारखा पाहा, रोषणाईची मजा घ्या. दुसऱ्या दिवशी मात्र ज्याला काही मिळाले नाही त्याचे काम शोधून काढा. एखाद्या प्रसंगात बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे पाहा. आवाज बंद करून हात, खांदे, चाल पाहा. मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे, मयतीला खांदा देणाऱ्याकडे, रेशनच्या रांगेतल्या खालाकडे तितक्याच आदराने पाहा, कारण उद्या तुम्हाला त्यांचेच काम करायचे आहे. तालमीत आपले वाक्य पाठ करण्याआधी समोरच्याचे वाक्य पाठ करा. आणि कोणी "मुसलमानासारखं बोल" म्हणाला, तर तुमच्या मुसलमानाचा धंदा कोणता, त्याच्या डोक्यावर कर्ज किती आणि घरी वाट पाहणारे कोण, हे त्याला विचारा. उत्तर नसेल तर ते तुम्ही तयार करा. भूमिका मिळो न मिळो, ती तयारी वाया जात नाही.